अंधार नीट दिसला पाहिजे!

दोस्तांनो, एक रस्ता डोळ्यांसमोर आणा पाहू. रात्र आहे. रस्ता दगडी फरसबंदीचा, शिवाय ओला, म्हणून दिव्याचा उजेड पडेल तिथे चकचकतोय. दोन्ही बाजूंना उंच, जुनी घरं. एका घराचं दार भिंतीत खोल आत गेलेलं आहे आणि तिथे मिट्ट काळोख. एक मांजर तुरुतुरु येतं, त्या काळोखाच्या तोंडाशी थांबतं आणि कशाशी तरी खेळू लागतं. कशाशी? बुटाच्या नाडीशी! म्हणजे त्या काळोखात कुणीतरी उभं आहे. बूट दिसतात, माणूस दिसत नाही.

इतक्यात रस्त्यावरच्या आरडाओरड्यानं वैतागून वरच्या मजल्यावरचं कुणीतरी खिडकीतला दिवा लावतं. उजेडाचा झोत थेट त्या दारावर पडतो आणि...

पुढचं सांगणार नाही! रहस्यपट आहे तो, आणि रहस्यपटाचं रहस्य फोडणाऱ्याला आमच्या वर्गात आठवडाभर फळा पुसावा लागतो.

हा सिनेमा म्हणजे १९४९ सालचा 'द थर्ड मॅन', म्हणजे 'तिसरा माणूस'. ब्रिटिश आहे, काळापांढरा आहे, आणि तुमच्या आजोबांच्या वयाचा आहे. आज मात्र आपण त्याच्या गोष्टीबद्दल थोडं आणि तो घरी पाहताना कसा दिसतो, कसा ऐकू येतो याबद्दल जास्त बोलणार आहोत. तुम्ही म्हणाल, "बाई, सिनेमा तो सिनेमा. कॅसेटवर काय, डीव्हीडीवर काय, मोबाइलवर काय, गोष्ट तीच ना?" तेच तर पाहायचंय. कारण मी वर सांगितलेला प्रसंग खराब प्रतीवर पाहिला, तर दारातल्या काळोखाच्या जागी करडा चिखल दिसतो. चिखलात मांजरही करडं, बूटही करडे. दिवा लागतो, पण चिखलावर पडलेला उजेड तो काय पडणार? छातीत धस्स व्हायला हवं तिथे आपण जांभई देतो. मग घरात कुणीतरी म्हणतं, "जुने सिनेमे कंटाळवाणे असतात बुवा!"

आधी गोष्ट, अगदी थोडक्यात. दुसरं महायुद्ध नुकतंच संपलंय. ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना बॉम्बहल्ल्यांनी खिळखिळी झाली आहे. जिंकलेल्या चार देशांनी, म्हणजे अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि रशियानं, शहराचे भाग वाटून घेतलेत आणि मधला भाग चौघांनी मिळून सांभाळायचा ठरवलाय. एकाच जीपमधून चार देशांचे चार शिपाई गस्त घालतात, आणि चौघांच्या भाषा वेगळ्या! अशा शहरात हॉली मार्टिन्स नावाचा एक अमेरिकन लेखक येतो. त्याच्या जुन्या मित्रानं, हॅरी लाईमनं, त्याला नोकरीसाठी बोलावलेलं असतं. येऊन बघतो तो काय, मित्र मोटारीखाली सापडून मेलेला आणि अंत्यविधीही चाललेला. सगळे सांगतात की अपघातानंतर दोघांनी त्याला उचलून बाजूला नेलं. इमारतीचा राखणदार मात्र म्हणतो, दोघं नव्हते, तिघं होते. मग तो तिसरा माणूस कोण? झालं, मार्टिन्स शोधाला लागतो.

दिग्दर्शक होते कॅरोल रीड, गोष्ट लिहिली ग्रॅहॅम ग्रीन यांनी, आणि कॅमेरा होता रॉबर्ट क्रॅस्कर यांच्या हाती. त्या वर्षी कान महोत्सवातलं सर्वोच्च पारितोषिक या सिनेमानं पटकावलं आणि पुढे क्रॅस्कर यांना छायाचित्रणाचं ऑस्कर मिळालं. कशाबद्दल? मी तर म्हणेन, अंधाराबद्दल!

क्रॅस्करनी केलं काय, तर खऱ्या व्हिएन्नाच्या खऱ्या रस्त्यांवर रात्री चित्रण केलं. दगडी रस्ता कोरडा असला की रात्री नुसता काळा दिसतो. म्हणून रस्त्यांवर पाणी मारून ते ओले ठेवले. ओल्या दगडावर दिव्याचं प्रतिबिंब पडतं, प्रत्येक दगडाला एक चमकती कड येते आणि मग त्या चमकीच्या शेजारचा काळोख अधिकच काळा वाटतो. (पहिल्या पावसानंतर रात्री गल्लीतल्या दिव्याखाली बघा, लगेच पटेल.) शिवाय मोठे दिवे जमिनीलगत ठेवून माणसांच्या सावल्या तीन-तीन मजली केल्या. सिनेमात एका चौकात पोलीस दबा धरून बसलेत, आणि भिंतीवर एक अजस्र सावली सरकत सरकत येते. सगळे श्वास रोखतात. सावलीचा मालक समोर येतो, तर तो निघतो फुगे विकणारा म्हातारा!

आता हा अंधार आपल्या घरात कसा येतो ते बघू. घरी येण्यासाठी त्यानं गेल्या काही दशकांत पाच-सहा गाड्या बदलल्या आहेत.

पहिली गाडी व्हिडिओ कॅसेटची. जपानमध्ये १९७६ साली 'व्हीएचएस' नावाची कॅसेट आली आणि पुढच्या दशकात ती आपल्याकडे गावोगाव पोचली. आईबाबांना विचारा. व्हीसीआर भाड्यानं आणायचा, सतरंजी अंथरायची, सगळ्या आळीनं जमायचं आणि रात्रभरात तीन सिनेमे संपवायचे. चित्रावर आडव्या रेघा नाचू लागल्या की कुणीतरी उठून ट्रॅकिंगचं बटण फिरवायचं. मजा होती खरी! पण त्या फितीवर आडव्या दिशेनं साधारण २४० रेघांइतकाच बारकावा मावायचा. आणि कॅसेट पुनःपुन्हा फिरून, एकीवरून दुसरी उतरवून, काळ्याचा करडा आणि पांढऱ्याचाही करडा होऊन जायचा.

मग आली व्हीसीडी. माझं लहानपण हिच्यावर गेलं. एका तबकडीत साधारण ७४ मिनिटं मावायची, म्हणून एका सिनेमाच्या दोन तबकड्या, आणि पहिली संपायची ती नेमकी खलनायक बोलत असताना! तिच्यात चित्राचे ठिपके किती? ३५२ गुणिले २८८, म्हणजे १,०१,३७६. डीव्हीडीत ७२० गुणिले ५७६, म्हणजे ४,१४,७२०. ब्लू-रेमध्ये १९२० गुणिले १०८०, म्हणजे २०,७३,६००. आणि ज्याला फोर-के म्हणतात त्यात त्याच्याही चौपट. (मुद्दाम पूर्ण आकडे दिलेत. गुणाकार करून ताळा बघा आणि चूक सापडली तर पत्र टाका.)

पण ठिपक्यांची संख्या म्हणजे सगळं नव्हे हं. चित्र इतकं जड असतं की ते आहे तसं तबकडीत किंवा फोनच्या जाळ्यातून पाठवणं परवडत नाही. ते दाबून, चेपून लहान करावं लागतं. चेपणारं यंत्र हिशेबी असतं. जिथे काही फारसं दिसत नाही तिथली माहिती ते आधी टाकून देतं. फारसं काय दिसत नाही? अंधारातलं! म्हणजे उजेडातला चेहरा नीट राहतो आणि काळोखातले बारकावे गायब होतात. मग रात्रीच्या आकाशात मोठमोठे चौकोन दिसतात, भिंतीवरची सावली सलग उतरण्याऐवजी पायऱ्या-पायऱ्यांनी उतरते. साध्या सिनेमात हे खपून जातं. पण 'तिसरा माणूस'चा सगळा खजिनाच अंधारात पुरलेला! दाराच्या काळोखात उभा राहिलेल्याच्या कोटाची घडी, बोळाच्या टोकाशी नुसती जाणवणारी हालचाल, हे सगळं यंत्राच्या लेखी फुकटचं वजन. मोबाइलवर 'डेटा वाचवा' हे बटण दाबलं की हीच कात्री आणखी जोरात चालते.

आणि या सिनेमात ठिपके खरोखरच फार महत्त्वाचे आहेत. व्हिएन्नात प्राटर नावाची बाग आहे, तिथे १८९७ सालचा एक प्रचंड आकाशपाळणा आहे. सुमारे ६५ मीटर उंच, म्हणजे वीसमजली इमारतीएवढा. युद्धात तो जळला होता, नंतर पुन्हा उभा केला, आणि आजही फिरतो. सिनेमात दोन माणसं त्याच्या डब्यात बसून वर जातात. तोवर आपल्याला कळलेलं असतं की शहरात एक भयंकर धंदा चाललाय. पेनिसिलीन हे तेव्हाचं अगदी नवं आणि दुर्मीळ औषध. ते लष्करी इस्पितळातून चोरायचं, त्यात भेसळ करून पातळ करायचं आणि काळ्या बाजारात विकायचं. ते टोचलेली मुलं बरी होत नाहीत, उलट त्यांचं कायमचं नुकसान होतं. पाळणा वर पोचल्यावर त्या दोघांतला एक जण खाली बोट दाखवतो. खाली माणसं मुंगीएवढी, ठिपक्यांएवढी दिसतायत. तो विचारतो, यातला एखादा ठिपका हलायचा थांबला तर तुला खरंच काही वाटेल का? आणि प्रत्येक ठिपक्यामागे एवढे पैसे मिळणार असतील तर?

चांगल्या प्रतीवर खाली बघितलं की ते ठिपके चालताना दिसतात. चालतायत म्हणजे माणसं आहेत! कुणी कामाला निघालंय, कुणी घरी. अंगावर काटा येतो तो त्यामुळे. खराब प्रतीवर तिथे नुसतं करडं मैदान. ठिपकेच नाहीत! मग तो माणूस काय वाईट बोलला, ते कळणार कसं? कानाला वाक्य ऐकू आलं तरी डोळ्यांना त्याचा अर्थ लागत नाही. मला तर वाटतं, खराब प्रत म्हणजे त्या पातळ केलेल्या औषधासारखीच. बाटलीवरची चिठ्ठी तीच, आत पाणी.

आता आकाराबद्दल. त्या काळच्या सिनेमाचं चित्र जवळजवळ चौकोनी असायचं. उंची १ धरली तर रुंदी १.३७. आजच्या टीव्हीची रुंदी उंचीच्या १.७८ पट. म्हणजे असा सिनेमा टीव्हीवर लावला की दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहणारच. त्या राहू द्याव्यात! पण काही लोकांना पट्टी दिसली की चैन पडत नाही. ते रिमोटवरचं बटण दाबून चित्र ताणतात. मग मार्टिन्स एकदम गुबगुबीत होतो आणि गोल आकाशपाळणा अंड्यासारखा दिसतो. तालुक्याच्या गावी एका दुकानातून मी एक स्वस्तातली डीव्हीडी आणली होती, तिच्यात तर कारखान्यातूनच असं ताणलेलं चित्र होतं. दुसरे काही लोक चित्र मोठं करून वरचा-खालचा भाग कापतात. तेही वाईटच, कारण या सिनेमात कॅमेरा बऱ्याचदा मुद्दाम तिरका धरलाय. घरं कललेली, जिने कललेले, माणसंही कललेली. जगाचा तोल गेलाय असं वाटावं म्हणून. कोपऱ्यांतच सगळी गंमत, आणि नेमके कोपरेच कापायचे? या तिरकेपणाचा त्या काळी इतका बोलबाला झाला की विल्यम वायलर या दुसऱ्या मोठ्या दिग्दर्शकानं रीडना एक भेट पाठवली. काय, तर गवंडी भिंत सरळ आहे का बघायला वापरतात ती पाणसळ! पुढच्या वेळी कॅमेऱ्यावर ठेवा म्हणून.

मग चांगली प्रत येते कुठून? माझ्या चौथीच्या वर्गात मी एकदा एक खेळ केला. प्रश्नपत्रिकेची झेरॉक्स काढली, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, तिची पुन्हा झेरॉक्स, असं सात वेळा. सातव्या प्रतीत 'घ' आणि 'ध' ओळखेनात. सिनेमाच्या फितीचं तसंच असतं. कॅमेऱ्यात असते ती निगेटिव्ह. तिच्यावरून एक अगदी बारीक कणांची पॉझिटिव्ह फीत काढून जपून ठेवतात. तिच्यावरून दुसरी निगेटिव्ह, आणि तिच्यावरून थिएटरात जाणाऱ्या फिती. थिएटरातली फीत शंभर वेळा यंत्रातून गेली की चरे पडतात, तुकडे तुटतात. जुन्या कॅसेटी आणि स्वस्त डीव्हीड्या पुष्कळदा अशाच पाचव्या-सहाव्या पिढीतल्या फितीवरून केलेल्या असतात.

'तिसरा माणूस'च्या बाबतीत २०१५ साली नीट काम झालं. मूळ निगेटिव्हवरून काढलेली १९४९ सालची बारीक कणांची पॉझिटिव्ह फीत घेऊन तिचं प्रत्येक चित्र संगणकात फोर-के बारकाव्यानं उतरवलं गेलं. मग धूळ, चरे, चित्राचं थरथरणं हे दूर केलं. चित्रं किती असतील? सिनेमा १०४ मिनिटांचा, सेकंदाला २४ चित्रं. करा हिशेब. जवळजवळ दीड लाख! ही नवी प्रत त्याच वर्षी कान महोत्सवात दाखवली गेली.

साफसफाईचीही एक मर्यादा असते बरं का. जुन्या फितीवर चांदीचे सूक्ष्म कण असत आणि चित्र बनलेलं असे त्या कणांचंच. चित्र नीट निरखलं की एक बारीक वाळूसारखी चुळबुळ दिसते. ती घाण नव्हे, ते चित्राचं सूत आहे. काही तबकड्यांमध्ये ही वाळू संगणकानं घासून काढलेली असते. मग चेहरे मेणाच्या पुतळ्यासारखे गुळगुळीत होतात, कोटाची वीण जाते, म्हाताऱ्याच्या सुरकुत्या जातात. सुरकुत्या घालवून म्हातारा तरुण होत नाही, फक्त खोटा दिसतो.

आणि हे सगळं जमायला आधी मूळ फीत शिल्लक असावी लागते. आपल्या पुण्यात १९६४ साली राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय सुरू झालं, फिती जपण्यासाठीच. तिथल्या एका साठ्याला २००३ साली आग लागली आणि कितीतरी जुन्या, चटकन पेट घेणाऱ्या फिती जळून गेल्या. एकदा जळलेली फीत कुठल्याही फोर-केनं परत येत नाही.

चला, आता डोळे मिटा. कान उघडा.

या सिनेमाची सुरुवातच होते ती एका वाद्याच्या तारांनी. पडद्यावर नावं येत असतात आणि मागे फक्त तारा, थरथरणाऱ्या. वाद्याचं नाव झिथर. आपल्या स्वरमंडळाचं लांबचं भावंड समजा. टेबलावर आडवं ठेवायचं, अंगठ्यात नखी घालून सूर छेडायचा आणि बाकीच्या बोटांनी साथीच्या तारा. व्हिएन्नातल्या एका दारूच्या गुत्त्यात आंतोन कारास नावाचा माणूस ते वाजवत असे. रीडनी ते ऐकलं आणि ठरवलं की सिनेमाला संगीत हेच! त्यांनी कारासला लंडनला नेलं आणि सबंध सिनेमाचं संगीत या एका माणसानं एका वाद्यावर केलं. वाद्यवृंद नाही, ढोल नाही, काही नाही. १९५० साली त्यातली मुख्य धून अमेरिकेत अकरा आठवडे विक्रीत पहिली होती.

एकच वाद्य, म्हणजे ते बिघडलं की सगळं संगीत बिघडलं. आणि घरच्या सिनेमात ते कसं बिघडतं याची एक गंमत सांगते. थिएटरात सेकंदाला २४ चित्रं जातात. आपल्याकडची आणि युरोपातली जुनी टीव्ही-पद्धत सेकंदाला २५ चित्रांची. मग काय करायचं? सोपं! २४ चित्रांचा सिनेमा २५ च्या वेगानं पळवायचा. डोळ्यांना कळतसुद्धा नाही. पण आवाजही तेवढाच पळतो, आणि पळालेला आवाज चढतो. घरी पेटी असेल तर पांढरी एकचा सूर धरा आणि मग काळी एकचा. या दोहोंत जेवढं अंतर आहे, त्याच्या दोन-तृतीयांशापेक्षा किंचित जास्त असा सूर वर जातो. म्हणजे कॅसेटवर किंवा त्या पद्धतीच्या डीव्हीडीवर कारासचं झिथर मुळापेक्षा चढं आणि घाईचं ऐकू येतं. माणसांचे आवाजही जरा कोवळे होतात. ब्लू-रेमध्ये २४ चा वेग ठेवता येतो, त्यामुळे सूर जागेवर राहतो.

सिनेमाचा आवाज तेव्हा फितीच्या कडेलाच एका अरुंद पट्टीत छापलेला असे. त्या पट्टीतून उजेड जायचा, तो कमीजास्त व्हायचा, त्याची वीज व्हायची आणि विजेचा आवाज. पट्टीवर धूळ बसली की तिचाही आवाज! खरखर, चटचट. ही खरखर काढताना फार हात चालवला, तर झिथरच्या तारेची धारदार किणकिण आणि कोरडी पावलंही तिच्याबरोबर जातात. मागे उरतो गोधडीखालून आल्यासारखा आवाज. त्यापेक्षा थोडी खरखर बरी. कान पाच मिनिटांत तिला विसरतो.

शिवाय हा आवाज 'मोनो' आहे, सगळा एकाच जागेवरून येणारा. घरी पाच-सहा स्पीकर असले की वाटतं, आवाज चारी बाजूंनी आला पाहिजे. काही टीव्ही तसा ओढूनताणून करतातही. करू नये. एकदा करून बघा आणि मग बंद करून बघा. संवाद लगेच घट्ट आणि स्पष्ट होतील.

तुम्हाला शंका येईल, एकाच बाजूनं येणाऱ्या आवाजात भीती कशी वाटणार? मग ऐका. शेवटचा पाठलाग आहे व्हिएन्नाच्या भुयारी गटारांत. डोक्यावर कमानी, पायाखाली खळाळतं पाणी. (काही भाग खऱ्या गटारांत चित्रित केला आणि काही इंग्लंडमध्ये स्टुडिओत बोगदे बांधून, कारण ऑर्सन वेल्स हा नामवंत नट गटारात उतरायला तयारच होईना!) इथे बराच वेळ झिथर गप्प असतं. पाण्याचा घोंघाट, बुटांचे आवाज आणि पोलिसांच्या हाका. हाका भिंतींवर आपटून येतात, एकीच्या चार होतात. पळणारा एका बोगद्याच्या तोंडाशी थांबतो, कान देतो. आवाज समोरून आला की मागून? त्याला कळत नाही. आपल्यालाही कळत नाही! आवाज चारी बाजूंच्या स्पीकरांत वाटून दिला असता तर आपल्याला कळलं असतं की पोलीस डावीकडे आहेत. एकाच ठिकाणाहून येतो म्हणून तर आपणही त्याच्याबरोबर अडकतो. पण त्यासाठी प्रतिध्वनीची शेवटची, विरत जाणारी शेपटी ऐकू यायला हवी. पंखा फुल, कुकरच्या शिट्ट्या, आणि टीव्हीच्या पाठीमागे तोंड असलेले चिमुकले स्पीकर, यांत ती शेपटी सगळ्यात आधी मरते. मोबाइलवर बघत असाल तर निदान कानात हेडफोन घाला.

आणखी एक. सिनेमात बरीच माणसं जर्मन बोलतात आणि ते बोलणं इंग्रजीत समजावून दिलेलं नाही. मुद्दाम! मार्टिन्सला जर्मन येत नाही, तसं ते आपल्यालाही कळू नये म्हणून. एक प्रसंग आहे, त्यात हातात चेंडू धरलेला एक एवढासा पोरगा मार्टिन्सकडे बोट दाखवून जर्मनमध्ये काहीतरी ओरडत सुटतो. जमाव मार्टिन्सकडे बघू लागतो. काय म्हणतोय तो? काही का म्हणेना, जमावाच्या नजरेवरून पोटात गोळा येतो. इंग्रजी संवाद वाचायला मिळावेत म्हणून खालची अक्षरं लावलीत तर जरूर लावा, आपली काही ती मातृभाषा नव्हे. फक्त ती जर्मनचाही अर्थ सांगू लागली, तर तेवढ्यापुरती बंद करा.

आता तुमच्यातल्या गुप्तहेरांसाठी एक काम. तबकडीच्या डब्यावर, किंवा जिथे सिनेमा बघणार तिथे, बारीक अक्षरांत मिनिटांचा आकडा असतो. त्यावरून हाती कोणती प्रत आली हे ओळखायचं. १०४ असेल तर सिनेमा पूर्ण आणि योग्य वेगाचा. साधारण १०० असेल तर? घाबरू नका, काही कापलेलं नाही. १०४ ला २४ नं गुणा आणि २५ नं भागा. ९९ मिनिटं आणि ५० सेकंद! म्हणजे वेग वाढवलेली प्रत, झिथर चढं. आणि ९३ असेल तर मात्र अकरा मिनिटं गायब आहेत. अमेरिकेत सिनेमा दाखवताना ती कापली होती. खात्री करायची तर सुरुवातीचं निवेदन ऐका. ब्रिटिश प्रतीत शहराची ओळख स्वतः दिग्दर्शक रीड मिस्कील आवाजात करून देतात. अमेरिकन प्रतीत तेच काम मार्टिन्स झालेला नट जोसेफ कॉटन करतो. आणि ८९ मिनिटं असतील तर? ते तुम्हीच शोधा.

आईबाबांसाठी दोन शब्द. सिनेमा साधारण सातवीच्या पुढच्या मुलांना, घरच्यांबरोबर बघायला चांगला. मारामारी दाखवण्याचा सोस त्यात नाही. भेसळीच्या औषधानं आजारी पडलेली मुलं ज्या इस्पितळात आहेत तिथे कॅमेरा जातो, पण एकाही मुलाचा चेहरा दाखवत नाही. तरीही नंतर मुलं प्रश्न विचारतील, तेव्हा टाळू नका.

टीव्हीचं म्हणाल तर, दुकानात उठून दिसावा म्हणून भडक केलेला असतो. सेटिंगमध्ये 'सिनेमा' किंवा 'मूव्ही' असं काही असेल ते निवडा. हालचाल गुळगुळीत करणारी सोय बंद करा. ती दोन चित्रांच्या मध्ये स्वतःच्या मनानं तिसरं चित्र घुसवते, आणि १९४९ सालचं व्हिएन्ना कालच्या मालिकेसारखं दिसू लागतं. मग खोलीतले दिवे घालवा, पडदे ओढा आणि बाजूच्या त्या काळ्या पट्ट्यांकडे बघा. ब्राइटनेस हळूहळू कमी करत जा. पट्ट्या करड्याच्या काळ्या झाल्या की थांबा. आणखी खाली गेलात तर काळ्या कोटाच्या घड्याच बुडतील. दोन मिनिटांचं काम आहे, आणि ते मुलांकडून करून घ्या.

सिनेमाचं शेवटचं दृश्य एका स्मशानभूमीबाहेरच्या लांबलचक रस्त्यावर आहे. दोन्ही बाजूंना झाडं, अगदी दूरवर एक ठिपका, आणि तो ठिपका चालत चालत आपल्याकडे येतोय. कॅमेरा हलत नाही. मिनिटभराहून जास्त वेळ कुणी एक शब्द बोलत नाही, फक्त झिथर. कोण येतंय आणि पुढे काय होतं, ते अर्थातच सांगणार नाही! पण तो ठिपका माणूस होईपर्यंत जरा झाडांकडे बघा. वरून एकेक सुकं पान खाली येत असतं. किती पानं मोजलीत ते पत्रानं कळवा, आणि शेजारी तुमची प्रत किती मिनिटांची होती तेही लिहा.